सूर्योदयाची सक्ती

मराठी प्रवासवर्णनात रात्री डोंगर चढणाऱ्या माणसाला सूर्योदय पाहावाच लागतो. तो न पाहता खाली उतरलेला प्रवासी निदान माझ्या वाचनात आलेला नाही. मध्यरात्री उठायचे, कुडकुडायचे, धापा टाकायच्या, मित्रांच्या विनोदांवर एक परिच्छेद खर्च करायचा आणि मग पूर्वेला केशरी रेघ उमटली की लेखाची सुटका करून घ्यायची. डोंगर कळसूबाईचा असो की जावा बेटावरचा, रेघ तीच. या रेघेच्या आधी जे घडते ते केवळ वाट पाहणे असते, आणि जे दिसते ते केवळ अंधार.

तसल्याच एका लेखाविरुद्ध मला लिहायचे आहे. लेख माझ्या मित्राचा आहे, एका दिवाळी अंकात आला आहे, आणि त्याचा कच्चा खर्डा मीच तपासून दिला होता. तेव्हा या तक्रारीतला निम्मा वाटा माझ्याकडे येतो, हे आधीच सांगून टाकतो.

२०२३ च्या ऑगस्टात हडपसरचे आम्ही चौघे जण इंडोनेशियाला गेलो. दोघे मगरपट्ट्यात संगणकाच्या नोकऱ्या करणारे, एकाचे गाडीतळाजवळ सिमेंट-लोखंडाचे दुकान, आणि चौथा मी, मराठीचा प्राध्यापक. पूर्व जावातल्या इजेन ज्वालामुखीवर रात्री चढायचे, मग सामुद्रधुनी ओलांडून बाली, तिथून लोंबोकच्या कडेची गिली बेटे, असा बेत होता. बोटीत 'पूर्वरंग'ची आठवण निघणे ओघानेच आले. मराठी माणूस त्या दिशेला गेला की पु. लं.चे बोट धरल्याशिवाय त्याला चालता येत नाही. असो.

इजेनला रात्रीच चढावे लागते, आणि त्याला कारण आहे. विवरातल्या भेगांमधून गंधकयुक्त वायू सहाशे अंश सेल्सियसपर्यंतच्या तापमानाला बाहेर पडतो आणि हवा लागताच पेटतो. त्याची ज्योत निळी असते. उजाडल्यावर ती जळतच राहते, पण दिसत नाही. म्हणजे हा मुळात अंधाराचाच डोंगर. पायथ्याच्या पाल्टुडिंगपासून कड्यापर्यंत तीन किलोमीटरची चढण, आणि तिथून पुढे दगडांतून विवरात उतार. खाली सुमारे एक किलोमीटर रुंदीचे आम्लाचे सरोवर. त्याच्या काठाशी नळ बसवून वायू खेळवला आहे. नळाच्या तोंडातून लालभडक गंधक ठिबकते, थंड होता होता पिवळे पडते, पहारीने फोडले जाते. हे फोडणारी आणि वर वाहणारी माणसे त्या धुरात रात्रभर असतात. सत्तर ते नव्वद किलोचे ओझे खांद्यावर घेऊन ती विवराची उभी भिंत चढतात आणि मग ती तीन किलोमीटरची वाट उतरतात. वाटेत वजनाचा काटा आहे. किलोमागे हजार-सव्वा हजार रुपिया मिळतात, असे आम्हांला तिथे सांगण्यात आले. म्हणजे आपले सहा-सात रुपये.

मित्राच्या लेखात हे सारे एका वाक्यात येते. वाटेत 'गंधकाच्या बास्केट्स वाहणारे काटक स्थानिक' भेटतात. पुढच्याच ओळीला केशरी रेघ.

'काटक' या विशेषणावर मी थांबत नाही. ज्याचे श्रम आपल्याला विचारात घ्यायचे नसतात त्याला काटक म्हणण्याची चाल जुनी आहे. मला खटकते ते 'बास्केट्स'. लवचीक बांबूचा दांडा, त्याच्या दोन्ही टोकांना दोन टोपल्या, दांडा खांद्यावर आणि चालताना त्याला येणारा झोल. या वस्तूला मराठीत शब्द नाही काय? तिला कावड म्हणतात. हडपसरहून दिवे घाट चढून गेले की सासवड लागते; तिथल्या भुतोजी तेल्याची कावड चैत्रात मुंगी घाटाने शिखर शिंगणापूरला चढते, आणि ती चढताना पाहायला लाखो लोक लोटतात. माझा मित्र ती पाहून आलेला आहे. मग इजेनच्या कड्यावर त्याला तो शब्द का आठवू नये? माझे उत्तर असे की आठवला असता तर अडचण झाली असती. 'बास्केट' दृश्यात राहते. 'कावड' म्हटले की खांदा आला, खांद्याबरोबर माणूस आला, आणि मग त्याच्याविषयी दुसरे वाक्य लिहिणे भाग पडले असते.

आणि गंमत पाहा, मराठी प्रवासवृत्ताच्या अगदी उगमापाशी एक कावड आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेकडे निघाले ते निसर्ग पाहायला नव्हे. घरी कर्ज होते आणि दक्षिणा मिळण्याची आशा होती. झाशीचा संहार त्यांनी आतून पाहिला, लुबाडले गेले, आणि परतले ते गंगेच्या पाण्याची कावड घेऊन. 'माझा प्रवास' १९०७ साली छापला गेला. त्या पुस्तकात भूक आहे, भय आहे, पैशांचा हिशेब आहे, पाय सुजणे आहे. आपण ते वर्गात 'ऐतिहासिक दस्तऐवज' म्हणून शिकवतो आणि 'ललित प्रवासवर्णना'ची लक्षणे सांगायची वेळ आली की दुसरीकडे वळतो. सौंदर्यदृष्टी, खेळकर शैली, व्यक्तिचित्रे, निसर्गवर्णन: फळ्यावर ही यादी मीही कितीदा तरी लिहिली आहे. या यादीत ओझ्याला जागा नाही.

मित्राचा बचाव साधा आहे, आणि तो मी टाळणार नाही. तो म्हणतो, "मी सुट्टीवर गेलो होतो. ललित लेख म्हणजे कामगार खात्याचा अहवाल नव्हे. तुला हमालांवर लिहायचं तर स्वतंत्र लिही." हा युक्तिवाद वरवर पाहता वाङ्मयीन वाटतो. पण यात गृहीत असे आहे की हमाल हा विषय आहे आणि सूर्योदय हा अनुभव आहे. त्या रात्रीचा आमचा अनुभव काय होता? पाच तासांपैकी साडेचार तास आम्ही त्या माणसांच्या मागे, पुढे, वाट सोडून बाजूला असेच होतो. त्यांच्या खोकल्यावरून वळणे ओळखत होतो. सूर्योदय दहा मिनिटांचा. तेव्हा अनुभवाशी इमान राखायचे म्हटले तरी लेखाचे माप चुकलेलेच आहे. मी सामाजिक बांधिलकीची मागणी करीत नाही. मी मापाची मागणी करतो आहे.

आमच्यापैकी सिमेंटच्या दुकानवाल्याने कड्यावर टेकवलेली एक कावड उचलून पाहिली. गुडघ्याइतकी वर आली असेल नसेल. खाली ठेवून तो म्हणाला, "दीड गोणी आहे." सिमेंटची गोणी पन्नास किलोची, त्याचा अंदाज काट्यावर बरोबर ठरला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९६७ च्या शिफारशीत प्रौढ पुरुषाच्या ओझ्याची कमाल मर्यादा पंचावन्न किलो धरली आहे. डॉ. बाबा आढावांनी ज्या पुण्यात हमाल पंचायत उभी केली, त्या पुण्यात गोणीचे वजन हा वादाचा, संघर्षाचा आणि म्हणूनच भाषेचा विषय झालेला आहे. 'दीड गोणी' हे त्या भाषेतले वाक्य होते. माझ्या मते संपूर्ण प्रवासात आम्हा चौघांपैकी कुणी उच्चारलेले सर्वांत अचूक वाक्य तेच. लेखात ते नाही.

याच्या उलट टोकाची लबाडीही आहे, तीही इथेच नोंदवून ठेवतो. कणवेने ओथंबलेले लेखन मला तितकेच संशयास्पद वाटते. खांद्यावरच्या गाठीचा जवळून काढलेला फोटो, डोळ्यांतले करुण भाव, आणि शेवटी 'आपण किती सुखी आहोत' हा साक्षात्कार. हा दुसऱ्या प्रकारचा सूर्योदयच. आम्हांला भेटलेला कावडवाला करुण वगैरे नव्हता. गंधक साच्यात ओतून केलेली छोटी कासवे तो विकत होता, फोटोचे पैसे आधी मागत होता, आणि आम्ही घासाघीस केल्यावर हसून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. धंद्याची ही समज टिपायला ना सौंदर्यदृष्टी पुरते, ना करुणा.

आता माझा वाटा. उतरताना माझा घोटा मुरगळला. इजेनवर अलीकडे दुचाकी हातगाड्या आल्या आहेत. पूर्वी गंधक वाहणारी काही माणसे आता त्यांत बसवून पर्यटकांची ने-आण करतात. मी त्यातल्या एका गाडीत बसलो. दोघे जण गाडी धरून, टाचा रोवत मला खाली नेत होते. खर्ड्यात मित्राने हे लिहिले होते, बरे लिहिले होते. मी ते काढायला लावले. समासात लिहिले, "रसभंग होतो." छापील लेखात आम्ही चौघेही चालत उतरतो. पुढे २०२५ च्या ऑगस्टात माथेरानच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद कराव्यात, ही प्रथा मानवी प्रतिष्ठेला धरून नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, तेव्हा स्टाफरूममध्ये मी त्या निकालावर फार तावातावाने बोललो. इजेनची गाडी कुणाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

बेटांविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. बाली आणि लोंबोक यांमधल्या समुद्रातून वॉलेसने प्राणिसृष्टीची सीमारेषा ओढली, ती ओलांडताना आमच्यातले दोघे झोपले होते. गिली त्रावांगानवर मोटारी नाहीत, घोडागाड्या आहेत, आणि माथेरानप्रमाणेच तिथेही या गोष्टीचे वर्णन 'प्रदूषणमुक्त' असे केले जाते. घोड्याला विचारलेले नाही. मला लक्षात राहिली ती केतापांगहून गिलिमानुकला जाणाऱ्या बोटीतली कॉफी. कपात पांढरीशुभ्र साखर होती. गंधक जाळून त्याच्या धुराने उसाचा रस शुभ्र करतात, हे हडपसरच्या माणसाला सांगावे लागत नाही. शेजारच्या मांजरीलाच वसंतदादा साखर संस्था आहे, आणि सोलापूर रस्त्याने उसाच्या गाड्या मोजत आम्ही लहानाचे मोठे झालो. मित्राने या कॉफीवर सुंदर परिच्छेद लिहिला आहे. त्यात वाफ आहे, क्षितिज आहे.

हे सारे मला इतके का लागावे, याचे कारण इजेनवरचे नाही. हडपसरच्या दक्षिणेला उरुळी देवाची-फुरसुंगीचा कचरा डेपो आहे. पुणे शहराचा कचरा वर्षानुवर्षे तिथे पडून त्याचा डोंगर झाला. तो डोंगर आतून पेटतो, रात्री धुमसतो. २०१७ च्या एप्रिलात तिथे मोठी आग लागली आणि ग्रामस्थांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. त्याच वर्षी पावसाळ्यात मी पहिल्या वर्षाच्या वर्गाला प्रवासवर्णन लिहायला सांगितले. फुरसुंगीच्या एका मुलीने घर ते कॉलेज हा बसचा प्रवास लिहून आणला. डेपो जवळ आल्याचे बायकांच्या पदरावरून कसे कळते, खिडक्या लावण्याचा आवाज गाडीत पुढून मागे कसा येतो, विहिरीचे पाणी कधीपासून प्यायचे सोडले, सोयरीक जुळवायला आलेली माणसे चहा न घेता कशी उठली. आणि रात्री गच्चीवरून दिसणारी डोंगराच्या पोटातली ती लाल चीर. तीन पाने होती. शुद्धलेखनाच्या बऱ्याच चुका होत्या.

मी लाल शाईने शेरा मारला: 'हे प्रवासवर्णन नव्हे. सौंदर्यदृष्टीचा अभाव. पुन्हा लिहा.'

तिने पुन्हा लिहिले. सिंहगडावरची पहाट, मैत्रिणींसोबत. नंतर कधीतरी बोलता बोलता कळले की तोवर ती सिंहगडावर गेलेलीच नव्हती. मी दहापैकी आठ गुण दिले होते. त्यात केशरी रेघ होती.