निकालपत्र म्हणजे निवाडा नव्हे

१/ जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर पार पडली. एक प्रोलॉग, चार टप्पे, ४३७ किलोमीटर. विजेता न्यूझीलंडचा ल्यूक मडगवे. पहिल्या तिघांत भारतीय नाही, म्हणून ‘हा खटाटोप कशासाठी?’ असा सूर उमटला. इतिहासाच्या कसोटीवर हा सूर टिकत नाही. #धागा

२/ आधी निकाल वाचायला शिकू. टप्प्यांच्या शर्यतीत रोजच्या वेळांची बेरीज होते. ज्याची बेरीज सर्वांत कमी, तो विजेता. ग्रेग लेमाँडने १९९० ची टूर द फ्रान्स एकही टप्पा न जिंकता जिंकली. १९८९ मध्ये तीन हजारांहून अधिक किलोमीटरनंतर त्याची आघाडी होती अवघी ८ सेकंदांची!

३/ अशा सेकंदांमागे सहकारी असतात. ते वारा स्वतःच्या अंगावर घेतात, नायकाला आडोसा देतात आणि क्रमवारीत मागे पडतात. केवळ क्रमांकावरून लायकी ठरवणाऱ्यांना हा खेळच कळलेला नाही.

४/ निकाल अंतिमही नसतो. १९०४ च्या टूरमधील पहिले चौघे काही महिन्यांनी बाद ठरले आणि पाचवा आलेला आंरी कॉर्ने विजेता झाला. लान्स आर्मस्ट्राँगची सात विजेतेपदे २०१२ मध्ये काढून घेतली गेली. त्या जागा आजही रिकाम्या आहेत.

५/ आता इरिट्रिया पाहा. तिथे सायकल आली ती इटालियन वसाहतवाद्यांबरोबर. देशाची पहिली टप्प्यांची शर्यत १९४६ मध्ये झाली. टूरचा टप्पा जिंकणारा पहिला इरिट्रियन, बिनियम गिरमाय, २०२४ मध्ये उगवला. मधे गेली ७८ वर्षे. आणि आपण पाच दिवसांत निवाडा देऊन मोकळे!

६/ आपल्याकडे परंपरा नव्हती असेही नाही. मुंबई–पुणे शर्यतीतला ‘घाटाचा राजा’ हा किताब जुन्या लोकांच्या तोंडी अजून आहे. पण त्या राजामागून दहाव्या क्रमांकाने बोरघाट चढलेल्याची वेळ शोधून दाखवा.

७/ आमच्या सोनईकडेही तेच. जत्रेच्या हगाम्यातील शेवटची मानाची कुस्ती कोणी मारली, हे सारे सांगतील. चितपट झालेल्याचे नाव कोणी सांगत नाही. जेत्यांची स्मृती म्हणजे इतिहास नव्हे.

८/ म्हणून मागणी एकच: संपूर्ण निकालपत्र जपा. प्रत्येकाची वेळ, प्रत्येक माघार, माघारीचा टप्पा. २०२६ मधील मागे पडलेल्या भारतीय स्वाराची वेळ हाच उद्याच्या प्रगतीचा मैलाचा दगड आहे. तो आजच उखडून टाकला, तर उद्या अंतर मोजणार कुठून?