हिंगाचा खडा आणि नॅनोची बाटली

गेल्या वर्षी उन्हाळ्यात बिलोलीला घरी होतो. वर्षाच्या तिखटाचं काम चालू होतं. आमच्याकडे मिरची येते धर्माबादहून. देठं खुडायची, चार दिवस गच्चीवर खडखडीत वाळवायची, अर्धी कांडपावर न्यायची आणि अर्धी पोत्यात भरून ठेवायची, दसऱ्याच्या आधी दळायला. आईने तिखट बरणीत दाबून भरलं, मधे हिंगाचा एक खडा खुपसला, वर फडकं बांधलं. झालं.

मी मात्र एका कृषी प्रदर्शनातून बाटली आणली होती. 'नॅनो हर्बल प्रोटेक्ट' की असंच काहीतरी. लवंग, ओवा, गवती चहा यांची तेलं, 'नॅनो तंत्रज्ञानाने युक्त', बुरशीवर १०० टक्के परिणामकारक, सहा महिने संरक्षण. पाण्यात कालवायचं आणि पोत्यावर फवारायचं. इंजिनियर माणूस, नॅनो म्हटलं की विरघळतो. फवारायला लागलो तर आई मागून म्हणाली, "वाळल्या मिरचीवर पाणी कामून मारलालास रे?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

पहिल्या दिवशी खोलीत दाताच्या डॉक्टरकडे येतो तसा वास. आठव्या दिवशी पोत्याला नाक लावलं तर फक्त मिरची. पोळ्याच्या सुमारास पोतं उघडलं तर तळाशी मिरच्यांवर राखाडी-हिरवी बुरशी. बरणीतलं तिखट शाबूत.

आता मंडळी, इथे थांबा. कारण इथूनच एक जमात आनंदाने नाचायला लागते. "बघा! आपल्या आज्यांना सगळं माहीत होतं, सायन्स आत्ता तिथे पोचतंय!" नाही हो. बरणी लहान होती, बंद होती, तिखट कोरडं होतं. पोतं मोठं, उघडं, आणि त्यावर मी स्वतःच्या हाताने पाणी मारलेलं. एका बरणीवरून आणि एका पोत्यावरून काहीही सिद्ध होत नाही. माझा राग आज्यांवरही नाही आणि विज्ञानावरही नाही. राग आहे तो 'मारतं का' एवढंच विचारून 'किती दिवस टिकतं' हे न विचारणाऱ्या सगळ्यांवर. यात मीही आलो.

तेलं बुरशी मारतात, यात खोटं काही नाही. लवंगेतलं युजेनॉल, ओव्यातलं थायमॉल (ज्याला आपण ओव्याचं फूल म्हणतो), ही रसायनं जंतूंच्या पेशींचं बाहेरचं पातळ आवरण सैल करतात, आतला ऐवज बाहेर गळतो, जंतू मरतो. प्रयोगशाळेतल्या काचेच्या झाकणबंद बशीत हे झकास दिसतं. पण बशी बंद असते, हे लक्षात घ्या. तेलाची वाफ जाणार कुठे? बिलोलीत मे महिन्यात पत्र्याखालची खोली कशी तापते ते तिथे झोपलेल्या माणसाला विचारा. तिथे हे तेल पाहुण्यासारखं आलं आणि गेलं. ज्या तेलाला वास आहे ते तेल उडतंय, म्हणूनच तर वास येतोय! पहिल्या दिवशीचा घमघमाट हा मालाच्या ताकदीचा पुरावा म्हणून विकला जातो. खरं म्हणजे तो गळतीचा पुरावा आहे. महिन्याचा डेटा पॅक पहिल्या दिवशीच संपवून टाकायचा आणि स्पीड काय मस्त आहे म्हणायचं, तसलं.

यावरचा उपाय म्हणजे तेलाला कवच घालणं, एनकॅप्सुलेशन. ढोबळ रेसिपी अशी. डिंक (लाडवातला धावड्याचा नव्हे, बाभळीच्या नात्यातल्या आफ्रिकेतल्या झाडाचा) आणि माल्टोडेक्स्ट्रिन पाण्यात विरघळवायचं, त्यात तेल घुसळून बारीक थेंब करायचे, आणि ते मिश्रण दीडशे-पावणेदोनशे अंशाच्या गरम हवेत फवारायचं. पाणी क्षणात उडतं, आणि ते उडताना थेंब फारसा तापू देत नाही, म्हणून तेल बरंचसं आत राहतं. भोवती डिंकाची भिंत. हातात येते कोरडी पूड. मुंबईच्या आयसीटीत (जुनं यूडीसीटी) डॉ. रेखा सिंघल यांच्या गटाने २००५ च्या सुमारास वेलदोडा, जिरं यांच्या अर्कांवर हे काम केलं आहे, कुठल्या भिंतीत अर्क किती टिकतो हे मोजून. वाराणसीला बीएचयूमध्ये डॉ. एन. के. दुबे यांच्या गटाने कायटोसानच्या (कोळंबीच्या टरफलातून काढतात ते) कवचात तेलं भरून साठवणीतल्या बुरशीवर वर्षानुवर्षं काम केलं. म्हणजे आपल्याकडे विद्या नाही असं नाही.

आणि आईचा खडा? हिंग म्हणजे झाडाचा चीक वाळून झालेला राळ, डिंक आणि उडणारं तेल यांचा गोळा. राळ-डिंकात अडकलेलं तेल, हळूहळू सुटणारं. निसर्गानेच बनवलेली कॅप्सूल. ओव्याचा दाणाही तसाच, तेल आतल्या नळ्यांत बंद. म्हणून तर आपण तो चोळून टाकतो. पण खड्यातून रोज किती तेल सुटतं हे कुणी ठरवलेलं नाही. ते ठरवता येणं, म्हणजे हे तंत्र.

आता 'नॅनो'बद्दल. माझ्या बाटलीत दुधासारखं पाणी होतं. म्हणजे तेलाचे अतिसूक्ष्म थेंब पाण्यात तरंगत ठेवलेले. भिंत नाहीच. थेंब जितका बारीक तितकं त्याचं एकूण पृष्ठफळ जास्त. कपातला चहा बशीत ओतला की लवकर निवतो, तोच हिशोब. त्यामुळे पाणी उडालं की बिनकवचाचं तेल लवकर निघून जाणार. 'नॅनो' हा थेंबाचा आकार झाला. टिकण्याची हमी नव्हे. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २०२० मध्ये शेती आणि अन्नातल्या नॅनो उत्पादनांच्या तपासणीसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. पिकावरची बुरशी मारतो म्हणणाऱ्या औषधाला १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदणी लागते. माझ्या बाटलीवर नोंदणी क्रमांक शोधला. 'पूर्णतः नैसर्गिक' एवढंच सापडलं.

खरी गंमत पुढे आहे. सहा महिने रोज थोडं थोडं सुटावं, हेसुद्धा आपल्याला नको आहे. मिरचीला मे महिन्यात बुरशी येत नाही. ती येते पावसाळ्यात, हवा दमट झाली, मालात ओल शिरली की. म्हणजे कवच असं हवं की कोरड्यात बंद राहील आणि ओल आली की उघडेल. डिंक आणि माल्टोडेक्स्ट्रिन स्वभावानेच असे आहेत. कोरडे असताना काचेसारखे कडक, ओल शोषली की मऊ, आणि आतलं तेल सुटतं. युरोपात द्राक्षावरच्या करड्या बुरशीसाठी यीस्टच्या रिकाम्या पेशींत युजेनॉल, जेरॅनिऑल आणि थायमॉल भरलेलं औषध आहे. पाणी मिळालं की तेल बाहेर येतं. ही तिन्ही द्रव्यं युरोपीय संघाने २०१३ मध्ये मंजूर केली. लवंग आपली, ओवा आपला, जेरॅनिऑलने भरलेलं रोशा गवत तर आपल्या खानदेशातलं. त्याचं तेल एकेकाळी मुंबई बंदरातून जगभर जायचं. आणि आपण काय करतो? प्रदर्शनात दुधाळ बाटल्या विकतो.

ओलीवर उघडणारी एक गोळी आपल्या गावात आधीच आहे, बरं का. धान्यात टाकायची ती अॅल्युमिनियम फॉस्फाइडची. तीन ग्रॅमची गोळी हवेतल्या ओलाव्याने साधारण एक ग्रॅम फॉस्फीन सोडते, किडे मारते आणि त्याच खोलीत झोपलेली माणसंही मारते. कायद्याने ती घरी वापरायची नाही. तरी वापरतात, कारण ती काम करते आणि किती दिवस ठेवायची ते ठरलेलं आहे. बिनविषारी पर्यायाला 'नैसर्गिक' म्हणून पास करू नका. त्याने त्या गोळीइतकाच चोख हिशोब दिला पाहिजे.

हा काथ्याकूट तिखटासाठी कशाला, असं म्हणाल. अस्परजिलस फ्लेव्हस नावाची बुरशी अफ्लाटॉक्सिन करते. १९७४ मध्ये बांसवाडा आणि पंचमहाल या आदिवासी भागांत काढणीच्या वेळी भिजलेला मका खाऊन शंभरावर माणसं यकृत बिघडून गेली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने ते शोधून काढलं. हे विष फोडणीत जळून जात नाही, आणि एकदा तयार झालं की वरून बुरशी मारून उपयोग नाही. बुरशी गेली तरी विष तिथेच. मसाल्यांत आपल्या कायद्याची मर्यादा किलोला ३० मायक्रोग्रॅम, युरोपची मिरचीसाठी १०. म्हणजे तेल वेळेवर सुटलं तर उपयोग, दोन आठवडे उशिरा सुटलं तर नुसता सुवास. माझं ते पोतं आईने उकिरड्यावर ओतलं. "निवडून घे की वरची वरची" म्हणणारे शेजारी होते. आईने ऐकलं नाही. पण गावात किती घरांत ती 'वरची वरची' दळली जाते, याचा विचार करा.

आता माझ्यावरचा आक्षेप मीच घेतो. "कोड लिहिणारा तू, तुला शेतीतलं काय कळतं? त्यापेक्षा चांगली ताडपत्री घे आणि मिरची नीट वाळव." एकदम मान्य! मिरची दहा-अकरा टक्के ओलाव्यापर्यंत वाळवली, जमिनीला न टेकवता फळीवर ठेवली, तर निम्मी लढाई तिथेच जिंकली. कुठलंही कवच ओल्या मालाला वाचवणार नाही. पण आमच्याकडे पावसाळ्यात भिंतींना ओल येते, पत्रा गळतो, आणि ज्याच्याकडे दोनच खोल्या आहेत त्याचं पोतं चुलीजवळच राहणार. त्याच्यासाठी दुसरी फळी हवी. ती स्वस्त असावी आणि खरी असावी.

म्हणून मागणी साधी आहे. पाकिटावर तीन आकडे छापा. आत तेल किती. ४० अंशाला कोरड्या हवेत महिन्याने त्यातलं किती उरतं. दमट हवेत आठवड्यात किती सुटतं. हे आकडे नसतील तर ते अत्तर आहे, अत्तराच्या भावाने विका. आणि चाचणी बंद बशीत नको. आमच्या तालुक्यातच सगरोळीला कृषी विज्ञान केंद्र आहे. ज्येष्ठात तागाची वीस पोती भरा, निम्म्यांत कवचाची पूड, निम्मी तशीच, दसऱ्याला उघडा, अफ्लाटॉक्सिन मोजा. रॉकेट सोडायचं नाहीये. एक पावसाळा द्यायचा आहे.

पोती ठेवायला आमची पत्र्याची खोली फुकट. आईची अट एकच आहे, पाणी मारायचं नाही.