पानिपतची जागा भूगोलाने ठरवली, पराभवही का?

१/ तरावडी (११९१, ११९२), पानिपत (१५२६, १५५६, १७६१), कर्नाल (१७३९). दिल्लीच्या तख्ताचे भवितव्य ज्यांत पणाला लागले, अशा या लढाया आजच्या हरियाणातील एकाच चिंचोळ्या पट्ट्यात झाल्या. हा योगायोग खचितच नाही.

२/ उत्तरेस शिवालिकचे डोंगर, नैर्ऋत्येस थरचे वाळवंट, पूर्वेस यमुना. शिवालिकच्या पायथ्याशी वर्षाला १००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. सिरसा-हिसारकडे त्याच्या निम्म्याहूनही कमी. पंजाबातून दिल्लीवर येणाऱ्या मोठ्या फौजेला पाणी, चारा आणि धान्य मिळेल अशी वाट या मधल्या पट्ट्यातूनच जाते.

३/ रणभूमी पानिपतच का, याचे उत्तर येथे मिळते. परंतु १७६१ च्या पराभवाचे खापरही याच भूमीच्या माथी फोडण्याची रीत पडली आहे : सपाट मुलूख, गनिमी कावा चालेना, उत्तरेची थंडी सोसवेना, त्यात संक्रांत. हे अर्धसत्य आहे.

४/ यमुनेचेच पाहावे. १७६० च्या पावसाळ्यात ती दुथडी भरून वाहत होती. भाऊसाहेब दिल्लीत, अब्दाली पलीकडे अंतर्वेदीत. पुराने दोघांनाही अडवले. ऑक्टोबरात भाऊंनी उत्तरेकडे जाऊन कुंजपुरा जिंकला, पण मागचे उतार पुरेसे राखले गेले नाहीत. महिनाअखेरीस अब्दाली बागपतजवळ नदी उतरला आणि मराठ्यांचा दिल्लीचा रस्ता बंद झाला.

५/ पुढे सुमारे अडीच महिने कोंडी. हरियाणात हिवाळा म्हणजे दाट धुके आणि हाडे गोठवणारी रात्र. शेतात गहू हिरवा. तो एप्रिलच्या सुमारास कापणीला येतो. म्हणजे लाखाच्या घरातील छावणीला, त्यातील बायकामुले व यात्रेकरूंना, बाहेरून येणाऱ्या रसदेचाच आधार होता. अब्दालीला अंतर्वेदीतून रोहिल्यांची रसद मिळत राहिली. त्याच अंतर्वेदीत शत्रूची रसद तोडणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले.

६/ नदी तीच, मैदान तेच, थंडीही तीच. एकाने उतार शोधला आणि रसदेची वाट राखली. दुसऱ्याच्या हातून दोन्ही निसटले. १४ जानेवारी १७६१ रोजी मराठे लढले ते उपाशीपोटी. त्यांच्या शौर्याला यामुळे उणेपणा येत नाही. उलट ते अधिकच उजळते.

७/ भूगोल अटी घालतो, निकाल देत नाही. पराभव दैवावर ढकलला की त्यातून शिकण्यासारखे काही उरत नाही. म्हणून पानिपतची बखर वाचताना शेजारी हरियाणाचा नकाशा आणि ऋतुमान असावे.