सातबारावरची सही आणि किल्लीचा धनी

वसई-दिवा लोहमार्गावरील खारबाव हे भिवंडी तालुक्यातील एक गाव. तालुक्यात गोदामांचे पेव फुटल्यापासून या टापूतील गुंठ्यागुंठ्याला भाव आला आणि त्याबरोबर सातबाराच्या उताऱ्यालाही. पूर्वी तलाठ्याची सही आणि गोल शिक्का पाहून उतारा खरा मानला जाई. महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचे उतारे देण्यास प्रारंभ झाला, आणि सही-शिक्क्याची जागा एका गणिती क्रियेने घेतली.

ती क्रिया समजण्यासाठी गणिताचा पदवीधर असण्याची आवश्यकता नाही. संगणक प्रथम संपूर्ण दस्तऐवजाचा ठरावीक लांबीचा ठसा काढतो. प्रचलित पद्धतीत तो २५६ बिटांचा असतो. क्षेत्राच्या रकान्यातील एक आकडा बदलला तरी ठसा पार निराळा होतो. सही करणारा आपल्या खासगी किल्लीने त्या ठशावर मोहोर उठवतो, आणि जोडीच्या सार्वजनिक किल्लीने ती कोणासही तपासता येते. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० ने अशा सहीला कायद्याची मान्यता दिली.

परंतु हे गणित संगणकासाठी लिहितो कोण? कार्यालयांसाठी, पतपेढ्यांसाठी वा शाळांसाठी जे प्रोग्रामर प्रणाली तयार करतात, ते सहसा लिहीत नाहीत. आणि त्यांनी ते लिहू नये हेच इष्ट. ते कूटलेखनाची तयार 'लायब्ररी' घेतात. नाव ग्रंथालयाचे असले तरी हा पुस्तकांचा संग्रह नव्हे. पारखून घेतलेल्या, पुन्हा पुन्हा वापरता येणाऱ्या आज्ञावल्यांचा तो संच असतो. ओपनएसएसएल आणि लिबसोडियम ही त्यांतील ठळक नावे. एका ओळीची आज्ञा दिली की मिनिटाभरात लायब्ररी संगणकात दाखल होते. दुखणे नेमके येथेच आहे. घेणे इतके सोपे झाले आहे, की घेतल्यानंतर तिचे पालकत्व कोणाकडे, हे विचारण्याचे कोणालाच सुचत नाही.

स्वतःची सांकेतिक पद्धत शोधून काढण्याचा मोह मात्र अजून सुटलेला नाही. करपल्लवी, नेत्रपल्लवी यांचे कौतुक आपल्याकडे जुने आहे. पण ज्याला त्या खुणा समजल्या त्याच्यापुढे गुपित उरत नाही. याउलट जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरतो. बोटांचा अर्थ साऱ्या बाजाराला ठाऊक असतो, झाकलेला असतो तो केवळ त्या सौद्याचा आकडा. पॅरिसमध्ये जर्मन भाषा शिकवणाऱ्या ऑगस्त केर्कहॉफ्स या अध्यापकाने १८८३ साली हेच तत्त्व लष्करी कूटलेखनासाठी मांडले: पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडू नये, गुप्त राहावी ती किल्ली. आजच्या चांगल्या लायब्रऱ्या उघड्या असतात. त्यांची ओळ न् ओळ जगापुढे असते, म्हणून त्यांतील दोष कधीतरी सापडतात.

'कधीतरी' हा शब्द येथे जाणूनबुजून वापरला आहे. २००६ साली डेबियन या प्रणालीच्या एका व्यवस्थापकाने तपासणीच्या साधनाने तक्रार केली म्हणून ओपनएसएसएलच्या आपल्याकडील प्रतीतून दोन ओळी गाळल्या. किल्ल्या बनवताना लागणारी यादृच्छिकता त्या ओळींतून येत होती. परिणामी एकेका प्रकारच्या यंत्रावर, ठरावीक लांबीच्या जेमतेम ३२,७६८ किल्ल्याच निघू शकत. सारी कुलपे तेवढ्याच किल्ल्यांत उघडणार हे उमगले मे २००८ मध्ये. पुढे एप्रिल २०१४ मध्ये 'हार्टब्लीड' उघडकीस आला. दोन वर्षे ओपनएसएसएलमध्ये बसलेल्या या दोषामुळे बाहेरचा कोणीही दर विनंतीला ६४ किलोबाइटपर्यंत स्मृती वाचून नेऊ शकत होता, आणि तीत पासवर्डही असत, खासगी किल्ल्याही. जगातील असंख्य संकेतस्थळांचा भार ज्या लायब्ररीवर होता, तिला वर्षाकाठी मिळणाऱ्या देणग्या सुमारे २,००० डॉलर होत्या, हेही तेव्हाच कळले. आपल्याकडे गावच्या सार्वजनिक विहिरीतला गाळ काढण्याची पाळी आली की असाच प्रकार होतो. पाणी सारे भरतात.

दोष सापडून दुरुस्त झाला तरी ती दुरुस्ती प्रत्येक यंत्रावर आपोआप पोहोचत नाही. ओपनएसएसएलच्या १.१.१ या आवृत्तीला सर्वांसाठी असलेला आधार ११ सप्टेंबर २०२३ रोजी संपला. ती घेऊन बसलेल्या प्रणालीसाठी त्यानंतरच्या दुरुस्त्या फुकट मिळत नाहीत, आणि प्रणाली मात्र बिनतक्रार चालू राहते. पायथॉन शिकणारे विद्यार्थी जुन्या धड्यांवरून 'पायक्रिप्टो' ही लायब्ररी बसवतात. तिची शेवटची आवृत्ती २०१३ ची. तिच्या जागी 'पायक्रिप्टोडोम' आली, पण धडे बदलले नाहीत. नावात एका अक्षराची चूक झाली तर भलताच, प्रसंगी घातकी, संच संगणकात शिरतो, ही भीतीही काल्पनिक नाही.

लायब्ररी योग्य आणि ताजी असली तरी वापरणाऱ्याचा हात चुकतो. माहितीचे सारखे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा त्याच किल्लीने स्वतंत्रपणे बांधण्याची एक जुनी रीत आहे. तीत सारख्या तुकड्यांचे रूपही सारखेच होते. शंभर खातेदारांच्या नोंदीत 'खारबाव' एकाच जागी असेल, तर शंभर ठिकाणी तीच अक्षरे उमटतात, आणि कुलूप न फोडता चोराला घराचा आराखडा मिळतो. कोणी किल्लीच प्रोग्रामच्या मजकुरात लिहून ठेवतो. कोणी पासवर्ड जसेच्या तसे साठवतो. वस्तुतः त्यासाठी मुद्दाम संथ आणि स्मृतिखाऊ ठेवलेल्या आर्गॉन२ सारख्या पद्धती आहेत, ज्यांच्यापुढे लाखो अंदाज करून पाहणे चोराला परवडत नाही. लिबसोडियमचा गुण असा, की ती नवख्याच्या हाती पर्यायांची लांबलचक यादी देत नाही. निवड तिच्या कर्त्यांनी आधीच केलेली असते. काही जाणकारांना हे जाचक वाटते. बहुतेकांसाठी ते सोयीचे आहे.

अभ्यासक्रमात विद्यार्थी सीझरची अक्षरे सरकवण्याची युक्ती शिकतो, लहान मूळ संख्या घेऊन आरएसएचे उदाहरण सोडवतो. हे शिकवू नये असे कोणी म्हणणार नाही. परंतु लायब्ररी कोठून घ्यावी, उतरवलेल्या संचाची सही कशी तपासावी, आवृत्ती कोणती, ती केव्हा बदलावी, यावर एखादा गुण तरी असावा. प्रात्यक्षिकाच्या वहीत या पाच-सहा ओळी लिहून घेण्यासाठी शिक्षकाला विद्यापीठाच्या परिपत्रकाची वाट पाहावी लागत नाही.

कार्यालयांनाही हेच लागू आहे. निविदेत संगणकांची संख्या, छपाईचा वेग, विजेची सोय यांचा तपशील असतो. त्यात आणखी एक कलम हवे: प्रणालीत कोणत्या लायब्रऱ्या आहेत त्यांची यादी, आणि दोष जाहीर झाल्यावर किती दिवसांत कोण दुरुस्ती करील. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात सुरक्षेत कसूर केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तथापि दंड ठोठावला जाईपर्यंत माहिती गेलेली असते. आणि सहीचा डोंगल पासवर्डाच्या चिठ्ठीसह दुसऱ्याच्या हाती सोपवला जात असेल, तर जगातील सर्वोत्तम लायब्ररीही त्या दुसऱ्याची सही इमानाने करून देईल.

शेवटच्या टप्प्यावर तर सारी मेहनत एका क्षणात वाया जाते. डिजिटल सही फाइलमध्ये असते, कागदावर नसते. उताऱ्याची छापील प्रत बँकेच्या टेबलावर आली की उरते ते सहीचे चित्र, आणि चित्र कोणालाही काढता येते. फाइल उघडली तरी बरोबरची खूण दिसण्याऐवजी बरेचदा पिवळे प्रश्नचिन्ह दिसते, कारण त्या संगणकाला भारतीय प्रमाणन यंत्रणेवर विश्वास ठेवण्यास कोणी सांगितलेले नसते. कारकून त्या प्रश्नचिन्हाकडे पाहतो, रांगेकडे पाहतो आणि शिक्का मारतो. मूळ फाइल मागून घेणे, निदान कागदावरील पडताळणी क्रमांक शासनाच्या संकेतस्थळावर घालून पाहणे, एवढे काम त्याच्या कर्तव्यसूचीत लेखी नमूद झालेले नाही, आणि तेवढा वेळ त्याला दिलेला नाही.