नागरिकत्व अमेरिकेचं, वावर यवतमाळचं: काय चालतं, काय नाही?

यवतमाळचा मुलगा अमेरिकन नागरिक झाला, हाती ओसीआय कार्ड आलं. वडिलांचं कपाशीचं वावर त्याला मिळेल का? मिळेल. वारशाने आलेली शेतजमीन एनआरआय आणि ओसीआय दोघांनाही ठेवता येते. पण धुऱ्याला लागून असलेला शेजारचा एकर विकत घेणं ‘फेमा’च्या नियमांत बसत नाही, फार्महाऊसही नाही. यवतमाळ शहरातला फ्लॅट चालतो.

खरी गोची विकताना होते. गिऱ्हाईक भारतातच राहणारं हवं. दुबईत नोकरी करणाऱ्या सख्ख्या भावालाही हे वावर विकता येत नाही, बक्षीसपत्रानेही देता येत नाही! आणि सातबाऱ्यावर अजून आजोबांचंच नाव असेल, तर आधी वारस नोंद. पुढच्या सुट्टीत गावी आलात की तलाठ्याकडे पहिली चक्कर त्यासाठीच.