पोथीचें रक्षण आणि पोथीचें दान

जुन्या पोथीचें शेवटचें पान ज्यांनीं उलगडून पाहिलें असेल, त्यांना तेथील एक विनवणी ठाऊक असेल. तेलापासून मला जपा, पाण्यापासून जपा, सैल बांधूं नका आणि मूर्खाच्या हातीं तर मुळींच देऊं नका, असें पोथीच आपल्या तोंडानें सांगत असते. यांतील पहिले तीन शत्रु आपण ओळखतों. चौथा बहुधा घरांतच असतो, आणि तो स्वतःस शहाणा समजत असतो.

हें मी अनुभवानें लिहितों. चाळीस वर्षांपूर्वीं तीर्थरूप निवर्तल्यावर माळ्यावरचीं दोन दप्तरें मीं खालीं काढलीं. पानें एकमेकांस चिकटलेलीं, कडा कसरीनें खाल्लेल्या. घरीं वाचणारें कोणी उरलें नव्हतें आणि रद्दींत घालणें हें तर पाप. म्हणून मीं तीं यथाविधि गोदावरींत सोडलीं. घरीं आल्यावर आईनें एवढेंच विचारलें, “आंत काय होतें तें पाहिलेंस तरी का रे?” मीं पाहिलें नव्हतें. त्या प्रश्नाचें उत्तर आजहि माझ्यापाशीं नाहीं.

याच्या उलट म्हैसूरची हकीकत पहावी. तेथें १८९१ मध्यें सरकारी प्राच्य ग्रंथालय स्थापन झालें. तंजावर जिल्ह्यांतील एका पंडितानें ग्रंथ लिपींतील ताडपत्राची एक पोथी तेथें आणून दिली. ग्रंथपाल शामशास्त्री यांनीं ती केवळ यादींत नोंदवून कपाटांत ठेवली नाहीं, ती वाचली. ती निघाली कौटिल्याचें अर्थशास्त्र! ज्याचें नांव व तुरळक उतारे तेवढे इतर ग्रंथांतून आढळत, तो ग्रंथ सबंध हातीं आला. १९०९ मध्यें शास्त्रीबोवांनीं मूळ संहिता छापली व १९१५ मध्यें तिचें इंग्रजी भाषांतर पुस्तकरूपानें काढलें. १९१६ मध्यें म्हैसूर विद्यापीठ निघालें आणि हें ग्रंथालय त्याच्या स्वाधीन झालें.

पण एका पोथीनें काम भागत नाहीं. नकलकाराचा डोळा चुकतो, ओळ गळते. ती चूक ओळखावयास दुसरी प्रत लागते. पुढें मल्याळम् लिपींतील पोथ्या उजेडांत आल्या आणि गुजराथेंत पाटण येथील जैन भांडारांत एक खंडित प्रत मिळाली. या सर्वांचा मेळ घालून प्रा. र. पं. कंगले यांनीं सिद्ध केलेला ग्रंथ मुंबई विद्यापीठानें १९६० ते १९६५ या काळांत तीन भागांत प्रसिद्ध केला. तंजावरचा तो पंडित माझ्यासारखाच ‘यथाविधि’ वागला असता, तर काय झालें असतें याचा विचार करावा.

संग्रहाचें काम दुहेरी आहे. पहिलें रक्षणाचें. ताडपत्र सुकलें कीं ठिसूळ होतें, म्हणून त्यास गवती चहाचें तेल जपून लावितात. पान लवचीक राहतें व कीडहि लागत नाहीं. तेलापासून जपावें हें खरें, पण जाणत्याच्या हातीं तेंच औषध ठरतें. कागदास पूर्वीं हरताळाचा लेप देत. चुकलेलें अक्षर झांकावयासहि तोच उपयोगीं पडे, आणि म्हणूनच ‘हरताळ फासणें’ हा प्रयोग रूढ झाला.

दुसरें काम दानाचें. कुलुपांत पडून राहिलेली पोथी आणि नदींत सोडलेली पोथी, अभ्यासकाच्या दृष्टीनें दोन्ही सारख्याच. सूची अचूक हवी, आणि मागणाऱ्यास पोथी मिळावयास हवी. आतां पानांच्या प्रतिमा संगणकावर घेतां येतात, त्यामुळें मूळ पोथीस वारंवार हात लावावा लागत नाहीं. तरीहि मूळ जपलेंच पाहिजे. शाई, पानाचा पोत, समासांतील परक्या हाताच्या टिपा यांची साक्ष पुष्कळदां मुळांतच नीट मिळते.

तेव्हां वाचकांस माझी विनंति अशी. सणासुदीच्या झाडलोटींत एखादें दप्तर निघालें, तर पानांचा क्रम मोडूं नये. फाटलेल्या पानास चिकटपट्टी लावूं नये, उन्हांत वाळवूं नये, प्लास्टिकच्या पिशवींत कोंडूं नये. स्वच्छ कोरड्या सुती फडक्यांत गुंडाळून, पोथी कोणाच्या घरची व कोठून आली याची चिठ्ठी आंत ठेवावी, आणि जवळच्या विद्यापीठांत अथवा संशोधन संस्थेंत जाणत्यास दाखवावी. पूर्वजांची ठेव हातावेगळी करवत नसेल, तर निदान तिच्या प्रतिमा घेऊं द्याव्या. घरांतील वडील माणूस कधीं विचारील, “आंत काय होतें?” तेव्हां तुम्हांस उत्तर देतां यावें.