गेलेल्या आवाजाचे गाणे

घरात रेडिओ होता पण दूरदर्शनसंच नव्हता, तो काळ आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. गायकाचा चेहरा आपण पाहिलेला नसे. त्याच्या आवाजावरून तो आपणच मनात रंगवीत असू. हे सुख लोपत चालल्याची खंत सांगणारे एक इंग्रजी गीत १९७९ साली लंडनच्या 'द बगल्स' या वाद्यवृंदाने ध्वनिमुद्रित केले. 'व्हिडिओ किल्ड द रेडिओ स्टार' हे त्याचे नाव. चित्रफितीने रेडिओवरील ताऱ्याचा बळी घेतला, असा त्याचा अर्थ.

त्या सुमारास इंग्लंडात 'न्यू वेव्ह' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नव्या धाटणीच्या संगीताचा हा वृंद. वृंद तरी कसला, ट्रेव्हर हॉर्न आणि जॉफ डाउन्स हे दोघेच! गीतरचनेत ब्रूस वूली हे तिसरे भागीदार होते. जे. जी. बॅलार्ड यांची 'द साउंड-स्वीप' ही १९६० मधील कथा हॉर्न यांच्या मनात घोळत होती. कानाला ऐकूच न येणाऱ्या संगीताच्या युगात एक थोर ऑपेरा-गायिका तीत अडगळीत पडते.

हे गीत ऐकाल तेव्हा हॉर्न यांच्या आवाजाकडे अवश्य लक्ष द्या. जुन्या रेडिओतून यावा तसा तो दबलेला, काहीसा नाकातला वाटतो. तो यंत्रांच्या साहाय्याने मुद्दाम तसा केलेला आहे. मध्येच स्त्रियांचे स्वर येतात, ते मात्र खणखणीत. यंत्रामुळे हरपलेल्या आवाजाचा शोक यंत्रानेच घडविलेल्या आवाजात! कोणी याला लबाडी म्हणेल. मला तर सारी गोडी यातच वाटते.

ऑक्टोबर १९७९ मध्ये हे गीत ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचले. अमेरिकेत मात्र त्याची धाव चाळिसाव्या क्रमांकापर्यंतच. तरीही १ ऑगस्ट १९८१ च्या मध्यरात्री तेथे 'एमटीव्ही' ही संगीतवाहिनी सुरू झाली, तेव्हा पहिली चित्रफीत दाखविली गेली ती याच गीताची. ज्याच्याविरुद्ध फिर्याद, त्याच्याच दरबारात मानाचे पान!

आपल्याकडे ही चाल निराळ्याच वेषात आली. १९८२ च्या 'डिस्को डान्सर' या हिंदी चित्रपटासाठी बप्पी लाहिरी यांनी ती उचलली, आणि उषा उथुप यांच्यासह 'कोई यहाँ नाचे नाचे' या गाण्यात गायिली. मूळ शब्द गेले, त्यांतला रेडिओ गेला, खंतही गेली. उरला निव्वळ नाच. त्याच वर्षी भारतात रंगीत दूरदर्शन सुरू झाले. परंतु संच असलेली घरे अजून थोडीच होती, आणि पुष्कळांच्या कानी ही चाल पडली ती रेडिओवरूनच.